मुरमांसाठी अझेलेइक ॲसिड क्रीम: उपयोग होतोय की नाही हे कसं ओळखायचं?

स्किनच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इन्स्टाग्रामवरच्या सल्ल्यांत हे नाव अलीकडे वारंवार दिसतं. काहींना ते जादू वाटतं, काहींनी दोन आठवड्यांत ट्यूब फेकून दिलेली असते. माझ्या मते दोघांचीही घाई होते. हे सावकाश चालणारं, मध्यम ताकदीचं औषध आहे आणि त्याला त्याच मापाने जोखायला हवं.

अझेलेइक ॲसिड म्हणजे काय? नावात ॲसिड आहे, चेहरा भाजणार नाही ना?

नाही. नऊ कार्बन अणूंची साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना आम्लाचा गट, अशी याची रचना. गहू, राय, बार्ली या धान्यांत ते नैसर्गिकरीत्या असतं. शुद्ध रूपात ती पांढरी भुकटी असते आणि पाण्यात फारशी विरघळत नाही, म्हणून काही क्रीम बोटांना किंचित रवाळ लागतात.

मुरमांशी याचा संबंध जरा आडवाटेने जुळला. घामाच्या दिवसांत पाठीवर, मानेवर फिकट चट्टे उठतात, ती शिबं. ती मालासेझिया नावाच्या यीस्टमुळे येतात. तिथली त्वचा फिकी का पडते, याचा शोध १९७० च्या दशकात रोममध्ये मार्चेल्ला नाझ्झारो-पोरो आणि त्यांचे सहकारी घेत होते. त्या यीस्टपासून तयार होणाऱ्या पदार्थांत अझेलेइक ॲसिड सापडलं. त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, हे कळल्यावर ते वांगावर वापरून पाहिलं गेलं आणि तेव्हा मुरूमही कमी होताना दिसले. १९८३ मध्ये याच गटाने १५ टक्के क्रीमचे मुरमांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत २० टक्के क्रीमला मुरमांसाठी मान्यता मिळाली ती १९९५ मध्ये. म्हणजे सोशल मीडियाने शोधलेलं हे काही नवं रत्न नाही.

ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारखंच का हे?

फक्त आडनाव एक. ती दोन मुख्यतः वरच्या मृत पेशी सैल करून काढतात. अझेलेइकचं मुख्य काम ते नाही, त्यामुळे हे लावल्यावर सालं निघाली नाहीत म्हणून काम होत नाहीये असं समजू नका.

मग मुरमावर ते नेमकं करतं काय?

मुरूम तयार होताना केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. अझेलेइक ॲसिड यातल्या तीन ठिकाणी हात घालतं. ते छिद्राचं तोंड बुजवणाऱ्या पेशींची अवाजवी वाढ आवरतं, जिवाणूंना आतून मारतं आणि सूज वाढवणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू कमी करतं. तेलावर मात्र त्याचा विशेष ताबा नाही. चेहरा दुपारपर्यंत तेलकट होतो ही तक्रार घेऊन याच्याकडे गेलात तर पदरी निराशा येईल.

जिवाणूंबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक एकटंच महिनोन्‌महिने लावलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. अझेलेइक ॲसिडच्या बाबतीत हा प्रश्न आजवर आलेला नाही. लांब पल्ल्याच्या उपचारात ही मोठी जमेची बाजू आहे.

पुरावा किती भक्कम आहे?

बऱ्यापैकी आहे, पण डोळे दिपतील असा नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अझेलेइक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड, निकोटिनामाइड, गंधक, जस्त आणि फळांपासूनची आम्लं यांवरच्या ४९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात एकूण ३,८८० रुग्ण होते. अझेलेइक ॲसिडपुरतं सांगायचं तर बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांच्या जिवाणूनाशक औषधाच्या तुलनेत ते बहुधा थोडं कमी पडतं, तर ट्रेटिनॉइन आणि क्लिंडामायसिन यांच्या तुलनेत फारसा फरक दिसत नाही. पुराव्याचा दर्जा कुठे मध्यम, कुठे कमी, असाच शेरा आहे.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही याच सुरात आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड (ट्रेटिनॉइनच्या गटातली औषधं) यांची त्यांनी ठाम शिफारस केली, अझेलेइक ॲसिडची सशर्त. पण नाजूक त्वचेच्या आणि गडद वर्णाच्या लोकांना ते विशेष उपयोगी पडू शकतं, असंही त्यांनी नोंदवलं आहे. ही नोंद आपल्यासाठी फार मोलाची आहे, कारण आपल्याकडे मुरूम आठवड्यात जातो आणि त्याचा डाग सहा महिने मुक्काम ठोकतो. शर्यतीत पहिलं न येणारं औषध आपल्या त्वचेसाठी तरीही योग्य ठरू शकतं, ते असं.

जाहिरातीत ‘मुरूम ६० टक्क्यांनी कमी’ असं असतं. ते कसं वाचायचं?

आधी विचारा, कशाच्या तुलनेत? चांगल्या चाचणीत अर्ध्या लोकांना औषधाचं क्रीम मिळतं आणि उरलेल्यांना तेच क्रीम, पण औषध न घातलेलं. मुरमांच्या चाचण्यांत गंमत अशी की या नुसत्या क्रीमनेही पुष्कळांचे मुरूम बरेच कमी होतात. समजा औषधाच्या गटात ६० टक्के घट झाली आणि नुसत्या क्रीमच्या गटात ४० टक्के, तर औषधाचं श्रेय फक्त मधल्या २० चं. जाहिरात ६० चा आकडा छापते.

नुसत्या क्रीमने फरक का पडतो? एक तर लोक नियमित चेहरा धुऊ लागतात, मुरूम फोडणं थांबवतात. दुसरं कारण अधिक खोल आहे. मुरूम आपणहून कमी-जास्त होत असतात आणि माणूस औषध शोधायला निघतो तो ते सर्वांत जोरात असताना. त्यानंतर जोर तसाही थोडा ओसरणारच असतो. नेमकं त्याच वेळी जे हाताशी असेल त्याला यश मिळतं. शेजारच्या काकूंची मुलतानी माती, मैत्रिणीचा लेप, इन्फ्लुएन्सरचं सीरम, सगळ्यांची कीर्ती बहुतेक वेळा अशीच झालेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे मोजलं काय? काही चाचण्यांत सुजलेले आणि बंद मुरूम वेगवेगळे मोजतात. काहींत डॉक्टर संपूर्ण चेहऱ्याला शून्य ते चार असा दर्जा देतात आणि ‘साफ’ किंवा ‘जवळजवळ साफ’ झालेल्यांनाच यशस्वी धरतात. दुसरी कसोटी कडक असते, तिच्यात आकडे नेहमी लहान दिसतात. एका क्रीमचे पहिल्या पद्धतीचे आकडे आणि दुसऱ्याचे दुसऱ्या पद्धतीचे शेजारी ठेवून निवड केली तर फसगत होणार. आणि ‘वापरणाऱ्या ९० टक्के महिलांना त्वचा नितळ वाटली’ हे वाक्य तर मोजमापच नाही.

माझ्या चेहऱ्यावर उपयोग होतोय की नाही, हे मी घरी कसं ठरवू?

आरशावर विसंबू नका. रोज बघितलेल्या चेहऱ्यात बदल दिसत नाही, आणि मुरूम आलेल्या दिवशी सगळंच वाईट दिसतं.

सुरुवातीच्या दिवशी तीन फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. खिडकी तीच, वेळ तीच, फोनचं ब्यूटी फिल्टर बंद. आता चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात तसेच फोटो. मधल्या काळात दर रविवारी एकच आकडा लिहायचा: या आठवड्यात नवे, लाल, दुखरे मुरूम किती आले? जुने डाग या मोजणीत धरायचे नाहीत. ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच होते. नवे मुरूम निम्म्यावर आलेले असतात, पण चेहऱ्यावर जुने डाग तसेच असतात आणि लक्ष सारं त्यांच्याकडे.

या बारा आठवड्यांत दुसरं काही नवं सुरू करू नका. क्रीम, नवा फेसवॉश, दूध बंद आणि झिंकच्या गोळ्या सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर काय लागू पडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मासिक पाळीच्या आसपास मुरूम वाढत असतील तर पाळीची तारीखही त्याच वहीत लिहा, म्हणजे पाळीपूर्वीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या तशाच आठवड्याशी होईल.

फरक दिसायला किती दिवस लागतात? माझं लग्न तीन आठवड्यांवर आहे.

अभिनंदन, पण या क्रीमच्या भरवशावर राहू नका. थोडी सुधारणा चार आठवड्यांत दिसू लागते, निकाल बारा आठवड्यांनी. तीन आठवड्यांवर समारंभ असेल तर नवीन काहीही चेहऱ्याला न लावणं हेच शहाणपणाचं. एखादा मोठा मुरूम ऐन वेळी उठलाच तर डॉक्टर त्यात इंजेक्शन देऊन तो बसवू शकतात. तो मार्ग वेगळा.

लावायचं कसं?

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा, पातळ थर संपूर्ण मुरूमप्रवण भागाला लावा. दिसणाऱ्या मुरमावर ठिपका ठेवणं ही सर्वसामान्य चूक. जो मुरूम दिसतोय तो आत बराच आधीपासून तयार होत होता, आणि पुढचा कुठे तयार होतोय हे आपल्याला माहीत नसतं. सकाळ-संध्याकाळ लावायचं असतं, पण पहिला आठवडा फक्त रात्री लावलं तर त्वचा कमी कुरकुरते. वर मॉइश्चरायझर चालतं. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा टाळा.

लावल्यावर टोचतं, खाज येते. बंद करू का?

लावल्यानंतर थोडा वेळ टोचल्यासारखं होणं, खाज, किंचित चुणचुण हे नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. ओल्या चेहऱ्यावर लावल्यास जास्त होतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम आलेल्या चेहऱ्यावरही तसंच, तेव्हा आधी पंख्याखाली बसा. त्रास सोसवेना तर एक दिवसाआड लावा.

पण चेहरा सुजला, पुरळ पसरलं, त्वचा सोलवटून दुखू लागली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. दमा असलेल्यांचा त्रास वाढल्याची उदाहरणं विरळ पण नोंदलेली आहेत. आणि सावळ्या किंवा गडद त्वचेवर मूळ रंगापेक्षा फिकट चट्टा दिसायला लागला तरीही थांबायचं. हे क्वचित होतं, पण औषधाच्या माहितीपत्रकात त्याचा इशारा दिलेला असतो.

सुरुवातीला मुरूम वाढले. हे ‘पर्जिंग’ आहे ना?

असेलही. आत तयार होत आलेले मुरूम पहिल्या काही आठवड्यांत वर येतात, ते काही क्रीमने थांबत नाहीत. पण हा शब्द विकणाऱ्यांना फार सोयीचा आहे. सुधारलात तर क्रीमचा गुण, बिघडलात तर ‘पर्जिंग, वापरत राहा’. सहा आठवड्यांनंतरही वाढतच असतील, किंवा जिथे कधीच मुरूम येत नव्हते तिथे बारीक, खाजरं पुरळ उठलं असेल तर ते पर्जिंग नाही.

१०, १५ की २० टक्के? जास्त आकडा म्हणजे जास्त जोर?

तितकं सरळ नाही. औषध कशात मिसळलं आहे यावर ते त्वचेत किती उतरतं हे ठरतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत १५ टक्क्यांच्या जेलमधून २० टक्क्यांच्या क्रीमपेक्षा जास्त औषध त्वचेत गेल्याचं दिसलं आहे. मुरमांवरचे बहुतेक अभ्यास २० टक्के क्रीम आणि १५ टक्के जेलवर झालेत. १० टक्क्यांची उत्पादनं सहज मिळतात, त्वचेला सौम्यही लागतात, पण त्यांच्या पाठीशी तेवढा अभ्यास नाही. सवय होण्यासाठी १० ने सुरुवात करायला हरकत नाही. मात्र १० टक्के लावून उपयोग झाला नाही म्हणून अझेलेइक ॲसिडच निकामी ठरवू नका. तेलकट त्वचेला जेल बरं, कोरडीला क्रीम.

डाग जातात का?

डाग कोणते, त्यावर आहे. मुरमानंतर उरलेले तपकिरी, काळसर डाग फिके होतात, कारण रंग तयार करण्याच्या कामातच हे औषध अडथळा आणतं. सामान्य त्वचेपेक्षा जादा काम करणाऱ्या रंगपेशींवर त्याचा परिणाम अधिक होतो, त्यामुळे ‘गोरं’ होण्यासाठी लावणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. वेळ मुरमांपेक्षाही जास्त लागतो, तीन ते सहा महिने धरा. खड्डे मात्र कुठल्याच क्रीमने भरत नाहीत. त्यासाठी मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचणं), लेसर यांसारखे उपचार असतात आणि तेही आधी मुरूम आटोक्यात आल्यावर.

सनस्क्रीनशिवाय डागांवरची मेहनत पाण्यात. अझेलेइक ॲसिडमुळे ऊन जास्त बाधतं असं नाही, पण उन्हामुळे डाग गडद होतात. रणरणत्या उन्हात स्कूटरवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीने रात्री क्रीम लावून दिवसा चेहरा उघडा ठेवला तर दोन्ही बाजूंची रस्सीखेच तेवढी होईल.

गरोदरपणात चालतं का? बाळाला अंगावर पाजत असताना?

या बाबतीत याचं स्थान वरचं आहे. ट्रेटिनॉइन, ॲडापेलीन ही रेटिनॉइड गरोदरपणात टाळतात आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर बाळात गंभीर व्यंग निर्माण करू शकतात. अझेलेइक ॲसिड त्वचेतून रक्तात अगदी थोडं जातं, २० टक्के क्रीममधलं साधारण ४ टक्के, आणि ते तसंही धान्यांतून आपल्या आहारात असतंच. म्हणून गरोदर स्त्रियांना डॉक्टर हे क्रीम अनेकदा देतात. तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. स्तनपानातही चालतं, फक्त बाळाचं तोंड लागेल तिथे लावू नये.

दुसऱ्या औषधांबरोबर लावता येतं का?

येतं, आणि मध्यम मुरमांत बहुधा तसंच करावं लागतं. सकाळी अझेलेइक, रात्री ॲडापेलीन ही नेहमीची जोडी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात मध्यम ते तीव्र मुरमांसाठी दिवसातून दोनदा अझेलेइक ॲसिड आणि सोबत डॉक्सिसायक्लिन किंवा लायमेसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी हा एक पर्याय दिलेला आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडही चालतं, मात्र टॉवेल आणि उशीचे अभ्रे त्याने फिके पडतात. अझेलेइकने ते होत नाही. स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट मात्र या सगळ्यातून हद्दपार.

मेडिकलवाल्याने ‘हेच लावा, आठ दिवसांत चेहरा साफ’ म्हणून दुसरीच ट्यूब दिली. लावू का?

आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. आठ दिवसांत चेहरा खरंच साफ दिसतो, कारण स्टिरॉइड सूज दाबतं. नंतर त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, केस वाढतात आणि क्रीम बंद करताच मुरूम दुप्पट जोराने येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर काय मिळतं ते आपण सारे जाणतो. अशी ट्यूब बरेच महिने लावली असेल तर एकदम बंद करून अझेलेइक सुरू करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

कपाळावरच फार येतात. तिथे उपयोग होईल?

आधी डोक्याला लावायच्या तेलाकडे बघा. तेल कपाळावर उतरून छिद्रं बुजतात आणि एकसारखे बारीक, बंद मुरूम ओळीने येतात. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर. सगळे फोड एकाच आकाराचे, खाजरे आणि कपाळासोबत छाती-पाठीवरही असतील तर ते यीस्टमुळे येणारं पुरळ असू शकतं. त्याचं औषध वेगळं.

थेट डॉक्टरांकडे कधी जावं?

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील तर बारा आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका. प्रत्येक आठवड्यागणिक खड्डे वाढतात. पाळी अनियमित आणि हनुवटी-जबड्यावर मुरूम, सोबत चेहऱ्यावर राठ केस, असं असेल तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी व्हायला हवी. मुलगा किंवा मुलगी चेहऱ्यामुळे घराबाहेर पडायचं टाळत असेल, तर मुरूम मोजून थोडे भरले तरी दुखणं मोठं आहे. ‘वयात आलं की येतातच’ म्हणून ते झटकू नका.

एक ट्यूब किती दिवस पुरते?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण उत्तरातून बरंच कळतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली क्रीमची रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. एका वेळी तेवढं धरलं तर दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस. बारा आठवड्यांना अशा साधारण सहा ट्यूब लागतील. तेव्हा ‘तीन महिने लावलं, काही झालं नाही’ असं वाटत असेल आणि पहिलीच ट्यूब अजून अर्धी शिल्लक असेल, तर औषधाची परीक्षा अजून झालेलीच नाही. खर्चाचा अंदाजही सुरू करण्याआधी याच हिशेबाने करा. तो झेपणारा नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के अनेकदा स्वस्तात पडतं, आणि नियमित लावलेलं साधं औषध मध्येच सोडलेल्या महागड्या ट्यूबपेक्षा बरं.